पाण्यावरची हिरवळ

खाडीच्या काठी जन्मलेल्या मुलांना बर्फाची कल्पना करून देणे हे काम वाटते तितके सोपे नाही. गोव्यातील आमच्या या गावी बर्फ येतो तो मासळीच्या पेट्यांतून, आणि दुपारच्या आत त्याचे पाणी होऊन जाते. अख्खी नदी गोठते, तिच्यावरून माणसे चालत जातात, मुले खेळतात, असे सांगू लागलो की वर्गातील निम्मी मुले आमच्याकडे आदराने पाहतात आणि उरलेली निम्मी संशयाने. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या आरंभी सातवीच्या वर्गात शीत कटिबंधाचा पाठ घेताना असेच झाले.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते, आणि म्हणून तळे किंवा ओढा तळापासून न गोठता पृष्ठभागापासून गोठू लागतो. बर्फ पाण्याहून हलका, म्हणून तो तरंगतो. त्याच्या पांघरुणाखाली मासे हिवाळाभर जिवंत राहतात. एवढे आम्ही फळ्यावर आकृती काढून समजावून दिले. मग, मुलांचे मन रमले आहे असे पाहून, पुस्तकात नसलेलेही थोडे सांगितले. थंड देशांतील शहाणी माणसे बर्फाची जाडी मोजल्याशिवाय त्यावर पाऊल ठेवत नाहीत. स्वच्छ, घट्ट बर्फ सुमारे १० सेंटिमीटर जाड असेल तर एका माणसाचे ओझे पेलतो, असा तेथील संकेत आहे. पण तो सगळीकडे सारखा नसतो. वाहत्या ओढ्यावर, झऱ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्यांच्या कडेला तो पातळ राहतो. वर हिम साचले असेल तर थंडी खालपर्यंत पोहोचत नाही, बर्फ जाड होत नाही, आणि पातळ जागा डोळ्यांना दिसतही नाही. अशा ओढ्यांवर पाळीव कुत्रे धावत जातात, पायांखालचा बर्फ फुटतो, आणि त्यांना वाचवायला धावलेली माणसेही बुडतात. म्हणून तेथे मुलांना लहानपणीच शिकवतात की दोर फेका, शिडी सरकवा, फांदी पुढे करा, मदतीला हाका मारा. पण कुत्र्याच्या मागे स्वतः बर्फावर जाऊ नका.

यावर मागच्या बाकावरून एक हात वर झाला. तो आमच्या भाच्याचा होता. घरी आम्ही त्याचे ‘मामा’, शाळेत ‘सर’; हा भेद तो मोठ्या कटाक्षाने पाळत असे.

“सर,” तो म्हणाला, “धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गात जायचेसुद्धा नाकारले. मग कुत्रा बुडत असताना काठावर उभे राहणे हा धर्म कसा?”

वर्गात आनंदाची एक लहर उठली. मास्तर पेचात सापडले की मुलांना जो आनंद होतो, तो होता. आम्ही थोडे हसलो, थोडे खाकरलो, आणि म्हणालो की धैर्य आणि अविचार यांत फरक आहे; दोन जीव जाण्यापेक्षा एक जाणे बरे. उत्तर चोख होते. तास संपल्याची घंटा झाली. आपल्या देवाने आपल्याला न गोठणारी खाडी दिली हे केवढे भाग्य, असे काहीसे बोलून आम्ही खडू खाली ठेवला.

भाच्याने तो प्रश्न उगाच विचारला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर खंड्या होता.

खंड्या आमच्या घरी आला तो भाच्याच्या दप्तरातून. पाच वर्षांपूर्वीच्या आषाढात बसथांब्याच्या कट्ट्याखाली भिजत पडलेले ते तांबूस पिल्लू त्याने वह्या हातात घेऊन दप्तरात घातले आणि घरी आणले. वह्या भिजल्या, पिल्लू वाचले. आमच्या आईने प्रथम त्याला पडवीत आसरा दिला तो ‘एक रात्र’ म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनेच त्याच्यासाठी करवंटीत पेज निववत ठेवली, आणि त्यानंतर त्या एका रात्रीचा हिशेब कोणी काढला नाही.

थोडा मोठा होताच तो संध्याकाळी आमच्याबरोबर बांधावर येऊ लागला. तेथे तो पाण्याच्या कडेला मान पुढे काढून, एकही अंग न हलवता, मासा दिसण्याची वाट पाहत बसे. खंड्या पक्षी फांदीवर बसतो तसाच. म्हणून आम्ही त्याला ते नाव दिले. मासा मात्र त्याला जन्मात एकही मिळाला नाही. कुर्ल्यांनी मात्र त्याचे नाक दोनदा पकडले. देवळात आरती सुरू झाली की तो अंगणात उभा राहून वरच्या पट्टीत सूर लावी. आम्ही सकाळी शाळेला निघालो की वाटेतील ओहोळाच्या पुलापर्यंत पोहोचवायला येई आणि संध्याकाळी त्याच पुलावर उभा असे. सुट्टीच्या दिवशीही सकाळी एकदा पुलापर्यंत जाऊन येई. एवढा नियमितपणा आमच्या हजेरीपुस्तकातही सापडणार नाही.

ज्या बांधावरून आम्ही फिरत असू, त्याची हकिकत येथे सांगणे भाग आहे, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ तेथेच आहे.

गोव्यात मांडवी, झुवारी यांसारख्या नद्यांच्या काठी जी सखल जमीन बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली आहे, तिला खाजन म्हणतात. पोर्तुगीज १५१० साली येथे आले, त्याच्या पुष्कळ आधीपासून आपल्या गावकऱ्यांनी चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचे हे बांध घातले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले. बांधात ठिकठिकाणी पाण्याचे दार असते. त्याला मानस म्हणतात. त्याची लाकडी झडप अशी बसवलेली असते की भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्याच रेट्याने ती मिटते, आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. माणसाने रात्री उठून दार लावायला नको. चंद्रच ते लावतो आणि उघडतो. मानशीच्या आतल्या अंगाला एक खोलगट पाणथळ असते, ती पोंय. पावसाळ्यात आत भाताचे पीक उभे राहते. कापणी झाली की खारे पाणी हिशेबाने आत घेतात, पोंयीत मासळी वाढते, आणि गोड्या पाण्यात माजलेले तण त्या खारेपणाने मरून जाते. एकाच जमिनीत भात आणि मासळी पिकवणारी ही व्यवस्था आहे. ज्यांनी ती बसवली त्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नसेल, पण त्यांचे भरती-ओहोटीचे गणित पक्के होते.

आमच्या लहानपणी आमची शेते हिरवी होती. पुढे आम्ही पदवी घेतली, नोकरी धरली. शेजारचा एक परदेशी गेला, दुसऱ्याने पणजीला दुकान काढले. मजूर मिळेना, मिळाला तर परवडेना. एकाचे शेत पडीक पडले म्हणून दुसऱ्याच्या शेतात उंदीर आणि तण वाढले, आणि मग त्यानेही हात टेकले. एका पावसाळ्यात मानशीची एक झडप निखळली. खारे पाणी वाडीतील विहिरींत उतरेल या भीतीने तेथे फळ्या ठोकून दार कायमचे बंद करण्यात आले. पावसाचे जास्तीचे पाणी तेवढे फळ्यांवरून ओसंडून जाई. तात्पुरती सोय म्हणून केलेले ते काम चार वर्षे तसेच राहिले. त्या कामासाठी बोलावलेल्या सभेला आम्ही हजर होतो. आम्हीही ‘तूर्त एवढे पुरे’ म्हणून मान डोलावली होती.

खारे पाणी थांबले आणि पोंयीत जलपर्णी आली. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिचे देठ फुगीर, आत हवेने भरलेले. फुले जांभळी आणि दिसायला फार सुरेख. अनुकूल हवेत ती पंधरा दिवसांच्या आत दुप्पट होते. पहिल्या वर्षी कोपऱ्यात चार झुबके दिसले. चौथ्या वर्षी पोंयीत पाणी आहे हे नव्या माणसाला सांगावे लागे. काठापासून काठापर्यंत एकसंध हिरवळ पसरली होती, तिच्यावर जांभळे तुरे डुलत होते, आणि गावातील हौशी मंडळी तेथे येऊन छायाचित्रे काढीत होती. आम्हीही एक काढले होते. त्यात पुढे खंड्या बसलेला आहे.

उन्हाळ्यात पोंयीचे पाणी आटे, जलपर्णी चिखलावर टेके, आणि खंड्या तिच्यावरून खुशाल पलीकडे जाऊन येई. त्याच्या मनात ती जमीन होती. त्याने ती स्वतःच्या पायांनी तपासलेली होती.

त्या वर्षी चतुर्थी सरली आणि चार-पाच दिवस पावसाने उघडीप दिली. रविवारी दुपारी चारच्या सुमारास आम्ही, भाचा आणि खंड्या बांधावर गेलो. ऊन पडले होते. पोंयीत हिरवळीवर एक कमळपक्षी आपल्या पिलांना घेऊन चालला होता. या पक्ष्याच्या पायांची बोटे फार लांब असतात. अंगाचा भार पुष्कळ पानांवर वाटला जातो आणि तो पाण्यावरच्या पानांवरून आपण अंगणात चालावे तसा चालतो. भाच्याला आम्ही तेच सांगत होतो. पातळ बर्फावर सापडलेल्या माणसाने उभे न राहता आडवे पसरून सरपटत काठाकडे यावे, त्याचेही कारण हेच, असेही म्हणालो. आमचे वाक्य पुरते संपले नव्हते तोच खंड्याने पक्षी पाहिला आणि झेप घेतली.

काठाजवळ जलपर्णी दाट होती. तिने त्याला पेलले. पंधरा-वीस हात तो चिखलातून धावावे तसा, उड्या मारीत गेला, आणि क्षणभर आम्हालाही वाटले की निभावले. मग त्याचे मागचे पाय खाली गेले. तो वळला. पुढचे दोन्ही पाय त्याने हिरवळीवर टाकले. ती दबली, पाणी वर आले. त्याने पुन्हा पाय टाकले. ती पुन्हा दबली. पोहायला मोकळे पाणी नव्हते आणि उभे राहायला जमीन नव्हती. खाली लोंबणाऱ्या मुळ्यांचे जाळे त्याच्या पायांत गुंतत चालले होते.

भाचा बांधावरून खाली उतरला तेव्हा आम्ही त्याला कमरेपाशी पकडले. तेरा वर्षांच्या मुलात एवढे बळ कोठून आले कोण जाणे. “मामा, सोड म्हाका! सोड!” तो ओरडत होता. त्याने आम्हाला लाथा मारल्या, हाताचा चावा घेतला. आम्ही एका हाताने त्याला आवळून धरले आणि दुसऱ्या हाताने जवळच पडलेली माडाची झावळी ओढून पाण्यावर सरकवली. ती पाच-सहा हात कमी पडली. आम्ही हाका मारल्या. खाडीच्या पलीकडे एक होडी होती. तिच्यातील माणसाने ऐकले आणि वल्हे उचलले, पण त्याला बांधाला वळसा घालून यावयाचे होते.

खंड्या भुंकला नाही. तो पुलावर उभा राहून आमच्याकडे पाही, तसाच पाहत होता. आम्ही येणार याविषयी त्याच्या मनात काही शंका असावी असे दिसले नाही.

पाच मिनिटे झाली असतील, किंवा दहा. हिरवळ एका जागी हलत होती, ती हलायची थांबली. जेथे तो होता तेथे पाने पुन्हा जवळ आली, आणि जागा ओळखू येईना. थोड्या वेळाने कमळपक्षी परत येऊन चालू लागला.

होडीवाला लांब बांबू घेऊन आला. अर्ध्या तासाने त्याने खंड्याला बाहेर काढले. मुळ्या सोडवायला त्याला कोयता लावावा लागला. तो आमच्याच वाडीतील, वयाने आमच्या वडिलांएवढा. काम झाल्यावर पाय धूत तो म्हणाला, “मास्तर, तुम्ही उतरला नाहीत हे बरे केलेत. नाहीतर आज मला तिघांना काढावे लागले असते.” भाच्याने हे ऐकले, पण त्या वेळी ते त्याच्या कानांपलीकडे गेले नाही.

परसातील फणसाखाली आम्ही खंड्याला पुरले. आईने रात्री सवयीने करवंटीत भात घातला, मग ती करवंटी हातात घेऊन बराच वेळ पडवीत उभी राहिली.

त्यानंतर भाचा आमच्याशी बोलेना. घरात हाक मारली तर ओ देई. शाळेत प्रश्न विचारला तर उत्तर देई. पण आपणहून एक शब्द नाही. आम्हीही समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. काय सांगणार? वर्गात दिलेले चोख उत्तर आमच्याजवळ होतेच. दोन जीव जाण्यापेक्षा एक जाणे बरे. ते उत्तर खोटे नव्हते, आजही नाही. पण ते देताना आमच्या हातात खडू होता. बांधावर तेच उत्तर दिले तेव्हा एका हातात धडपडणारे मूल होते आणि समोर खंड्याचे डोळे होते. रात्री अंथरुणावर पडले की आम्ही तीच पाच-सहा हातांची उणीव पुनः पुन्हा मोजीत असू. लांब बांबू असता तर. बांधावर दोराचे एक भेंडोळे असते तर. मग मोजणी मागे मागे जाई. जलपर्णी वेळीच काढली असती तर. झडप दुरुस्त केली असती तर. त्या सभेत मान डोलावण्याऐवजी आम्ही उभे राहून दोन शब्द बोललो असतो तर. थंड देशांत ओढ्यावर बर्फ जमतो तो ऋतुमानाने. त्यात कोणाचा दोष नसतो. आमच्या पोंयीवरची फसवी हिरवळ मात्र आम्ही स्वतः वाढू दिली होती, आणि वर तिचे छायाचित्र काढले होते.

सहामाही परीक्षेत भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता, ‘तळी पृष्ठभागापासून का गोठतात ते सांगून, पातळ बर्फाविषयी कोणती सावधगिरी घ्यावी ते लिहा.’ प्रश्नपत्रिका आम्हीच पूर्वी काढून दिली होती. ती बदलण्याचे आमच्या लक्षात आले नाही. भाच्याचा पेपर तपासायला घेतला तेव्हा हात जरा थांबला. त्याने ४ अंशांचे कारण नीट लिहिले होते, आकृती काढली होती. सावधगिरीच्या सूचना क्रमाने दिल्या होत्या. शेवटी दोन ओळी अधिक होत्या. त्या अशा, ‘कुत्रा बर्फात पडला तर त्याच्या मागे जाऊ नये. हे बरोबर आहे, पण जो काठावर उभा राहतो त्याला ते फार जड जाते.’

त्या ओळींना गुण नव्हते. आम्ही बाजूला एक लहानशी खूण केली आणि पेपर मिटला. पेपर परत दिले त्या संध्याकाळी तो आमच्याबरोबर पुलापर्यंत चालत आला. आमच्या हातावरील दातांची खूण एव्हाना पुसट झाली होती. त्याने ती निरखून पाहिली आणि विचारले, “मामा, दुखता?” आम्ही ‘नाही’ म्हणालो. धर्मराजाचा प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. आम्हाला मात्र अलीकडे वाटते की त्या हिमालयाच्या वाटेवर धर्मराजाच्या बरोबर एखादे लहान मूल असते, तर त्याचा प्रश्नही इतका सरळ राहिला नसता.

त्या हिवाळ्यात वाडीतील मंडळी पुन्हा एकत्र बसली. या वेळी आम्ही बोललो. खंड्याविषयी फारसे नाही, मानशीविषयी. काही जण हसले, काही जणांनी खर्चाचा आकडा विचारला. पण तीन रविवार माणसे कोयते आणि दाताळी घेऊन पोंयीत उतरली, होडीवाला पुढे. नवी झडप बसली. कापणीच्या दिवसांनंतर, जरी कापायला भात नव्हते तरी, उधाणाच्या भरतीला खारे पाणी आत घेतले. आठ-दहा दिवसांत उरलीसुरली जलपर्णी तपकिरी पडून काठाला लागली आणि पोंयीत आकाश दिसू लागले. पुढच्या पावसाळ्यात दोघांनी भात लावले. त्यांतील एक तुकडा आमचा आहे. पीक बेताचेच आले.

मुलांनो, तुम्ही कधी त्या बांधावर गेलात तर मानशीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला एक लांब बांबू तुम्हाला दिसेल. त्याच्या टोकाला आकडा आहे आणि खाली खिळ्यावर नारळाच्या काथ्याच्या दोराचे भेंडोळे टांगलेले आहे. तो बांबू आमच्या भाच्याने आणून ठेवला. आणण्यापूर्वी त्याने काठापासून पोंयीच्या त्या जागेपर्यंतचे अंतर मोजले होते. दर पावसाळ्याच्या तोंडावर तो जुना दोर काढून नवा बांधतो. कृपा करून तो बांबू कोणी आंबे पाडायला नेऊ नका.